ताट वेगळं केलं, नेलकटर एकच राहिलं

१७ ऑक्टोबर २०२३, नवरात्रातली तिसरी माळ. मला अकरावा आठवडा चालू होता. मोशीत घराजवळच्या लॅबमध्ये सकाळी रक्त दिलं. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉइड, एचआयव्ही, व्हीडीआरएल (गुप्तरोगाची तपासणी), एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची तपासणी), सगळे मिळून २,२०० रुपये. संध्याकाळी देवीची आरती चालू असताना मोबाइलवर रिपोर्ट आला. आरती संपल्यावर एकेक पान सरकवत गेले. नॉन-रिअॅक्टिव्ह, नॉन-रिअॅक्टिव्ह, आणि शेवटच्या पानावर ठळक अक्षरांत एकच शब्द: रिअॅक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह. हिपॅटायटिस बी.

मला त्या दिवशी या आजाराबद्दल काय माहीत होतं ते खरं सांगते. ही एक प्रकारची कावीळ आहे आणि हिची लस असते, एवढंच. मी बी.कॉम. झालेय, पतसंस्थेत आठ वर्षं नोकरी करतेय, तरी कशाने होते, कुणाला होते, कशाने होत नाही, यातलं काहीच सांगता आलं नसतं. मोबाइलवर शोधलं तर पहिल्याच ओळींत असुरक्षित संबंध आणि नशेच्या सुया. मोबाइल उलटा ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसत बसले.

नवरा चाकणला सेकंड शिफ्टला होता, रात्री साडेबाराला आला. त्याने रिपोर्ट वाचला. मग त्यानेही मोबाइलवर शोधलं, आणि मी जे वाचलं होतं तेच त्याने वाचलं. नंतर दोघंही गप्प. तो काय विचार करतोय ते मला कळत होतं, कारण मीही त्याच्याबद्दल तोच विचार करत होते. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि इतकी वाईट रात्र आमच्यात कधी आली नव्हती. हे लिहायला संकोच वाटतो, पण असा रिपोर्ट हातात आलेल्या कुठल्याही जोडप्याच्या वाट्याला ही रात्र येऊ शकते, म्हणून लिहितेय. संबंधांतून हा आजार पसरतो हे खरंच आहे. पण वर्षानुवर्षं अंगात विषाणू घेऊन फिरणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी लोकांना तो जन्माच्या वेळी आईकडून किंवा अगदी लहानपणी मिळालेला असतो. हे आम्हाला त्या रात्री कुणी सांगितलं असतं तर आम्ही निदान झोपलो असतो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. तिथल्या मॅडमनी दुसऱ्या लॅबमधून एलायझा पद्धतीने पुन्हा तपासायला सांगितलं, ६५० रुपये. तेही पॉझिटिव्ह. नवऱ्याचं रक्तही तपासलं. तो निगेटिव्ह होता, पण त्याच्या अंगात संरक्षणही नव्हतं, कारण लस कधी घेतलेलीच नव्हती. त्याला तिथेच पहिला डोस दिला, फीसकट ३०० रुपये. दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. त्याचं वेळापत्रक त्याने कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलं, आणि एकही तारीख चुकवली नाही. जाता जाता मॅडम म्हणाल्या, "बाळंतपणासाठी मात्र दुसरीकडे बघा, आमच्याकडे तशी सोय नाही." तशी म्हणजे कशी, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. ते विचारायला हवं होतं.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या बार्शीकडच्या. त्यांच्या लहानपणी त्यांचा धाकटा भाऊ काविळीने गेलेला. त्यांच्या लेखी कावीळ एकच, आणि ती उष्ट्यातून, पाण्यातून लागते. त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत, टोमणा मारला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जेवायला बसले तर माझं ताट, वाटी आणि तांब्या वेगळे काढलेले होते. लग्नात रुखवतात आलेला सेट होता तो. ताटाच्या काठावर माझ्या आईवडिलांचं नाव आणि लग्नाची तारीख, भांड्यांच्या दुकानात मशीनने टिंबाटिंबांनी कोरून देतात तशी. म्हणजे ओळखायला सोपं. घासणीही वेगळी होती, हिरवी. मी त्या ताटात जेवले. वरण-भाताचा घास घशाखाली उतरेना, पण पोटातल्या जिवासाठी उतरवला.

२१ ऑक्टोबरला पिंपरीत एका पोटविकारतज्ज्ञांकडे गेलो. फी ८०० रुपये. त्यांनी यादी दिली: एसजीपीटी आणि यकृताच्या बाकीच्या चाचण्या, पोटाची सोनोग्राफी, एचबीईएजी (विषाणू किती जोरात वाढतोय ते दाखवणारी तपासणी), आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये किती विषाणू आहेत त्याची मोजणी. एकट्या व्हायरल लोडचे ४,८०० रुपये. रक्त २३ तारखेला दिलं, दुसऱ्या दिवशी दसरा, रिपोर्ट यायला २८ तारीख उजाडली. पाच दिवस मी कामावर जात होते, व्हाउचर तपासत होते, आणि दर तासाला लॅबचा मेसेज आलाय का बघत होते. आकडा आला चार कोटी सत्तर लाख. एसजीपीटी मात्र २४, अगदी नॉर्मल. सोनोग्राफीतही यकृत स्वच्छ. माझं डोकंच चालेना. एवढे कोट्यवधी विषाणू आणि मला साधा थकवासुद्धा नाही?

३० ऑक्टोबरला रिपोर्ट दाखवायला जायचं होतं. नवऱ्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून सासूबाई सोबत आल्या. ही गोष्ट योगायोगाने झाली, पण आमच्या घरात पुढे जे बरं झालं ते सगळं त्या अर्ध्या तासामुळे झालं. तुम्हाला शक्य असेल तर घरातल्या सगळ्यात घाबरलेल्या माणसालाच डॉक्टरांकडे सोबत न्या.

सासूबाईंनी एकामागून एक प्रश्न विचारले. मी आयुष्यात कुठल्याच डॉक्टरला इतके प्रश्न विचारले नव्हते.

"डॉक्टरसाहेब, एका ताटात जेवलं तर?"

"नाही होत."

"उष्टं पाणी प्यायलं तर?"

"नाही होत, काकू."

"हिनं केलेला स्वयंपाक? खोकला-शिंक? एकाच बाथरूममध्ये अंघोळ?"

"यातल्या कशानेच नाही. मिठी मारा, शेजारी झोपा, एका डब्यात जेवा. डास चावूनही होत नाही."

मग सासूबाईंनी भावाची गोष्ट सांगितली. गावातल्या माणसाने गळ्यात माळ घातली होती, हात चुन्याच्या पाण्यात बुडवून कावीळ उतरवली होती, तरी पोर गेलं. डॉक्टरांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की कावीळ हे आजाराचं नाव नाही, यकृत बिघडल्याची खूण आहे, आणि ते बिघडवणारे विषाणू वेगवेगळे असतात. दूषित पाण्यातून आणि अन्नातून येतात ते ए आणि ई. गावात पाण्याच्या पाइपात गटार मिसळलं की घरटी एक पेशंट होतो तो त्यांच्यामुळे. त्यातले बहुतेक जण विश्रांतीने आपोआप बरे होतात, म्हणून माळेवर लोकांचा विश्वास बसतो. बी वेगळा. तो रक्तातून जातो, संबंधांतून जातो, आणि बाळंतपणात आईकडून बाळाकडे जातो. डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्ताच्या थेंबातूनही जातो, आणि तो थेंब सुकला तरी विषाणू निदान सात दिवस जिवंत राहू शकतो.

मग ते म्हणाले, "काकू, तुमच्या घरात नेलकटर किती आहेत?"

"एक."

"आणि वापरतं कोण कोण?"

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. आमच्या घरात एकच नेलकटर. फ्रिजच्या बाजूला खिळ्याला लटकवलेलं. सासरे, सासूबाई, नवरा, मी, सुट्टीत आली की नणंद आणि तिची दोन मुलं, सगळे तेच वापरायचो. माझं ताट वेगळं करून बारा दिवस झाले होते आणि नेलकटर त्याच खिळ्यावर होतं. बाथरूममध्ये चौघांचे ब्रश एकाच पेल्यात, डोकी एकमेकांना चिकटवून. गरोदरपणात माझ्या हिरड्यांतून रक्त येत होतं, रोज सकाळी ते मला बेसिनमध्ये दिसत होतं. सासऱ्यांचं रेझर आणि नवऱ्याचं रेझर कधी कधी अदलाबदल व्हायचं.

डॉक्टरांनी हेही सांगितलं की नेलकटर हा काही सगळ्यात मोठा धोका नव्हे. मोठे धोके म्हणजे एकदा वापरलेली सुई पुन्हा वापरणं, न तपासलेलं रक्त चढवणं, असुरक्षित संबंध आणि बाळंतपण. गुजरातमध्ये मोडासा भागात २००९ साली हिपॅटायटिस बीची जी साथ आली, ती वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे. त्यात कितीतरी माणसं दगावली. पण घरात आपल्या हातात काय आहे, तर नेलकटर, ब्रश, रेझर, कानातल्याची तार, आणि जखमेवर पट्टी. आणि सगळ्यांत आधी, घरातल्या प्रत्येकाची तपासणी आणि लस.

सासूबाईंचा शेवटचा प्रश्न होता, "मग हे चांगल्या घरातल्या माणसाला होतं?" डॉक्टरांनी अमिताभ बच्चनचं नाव घेतलं. १९८२ साली चित्रीकरणात जखमी झाल्यावर त्यांना कितीतरी जणांचं रक्त चढवलं गेलं, त्यातून हिपॅटायटिस बी झाला आणि तो अनेक वर्षांनी कळला, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलेलं आहे. रिक्षात बसल्यावर सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. भोसरीच्या पुलाखाली म्हणाल्या, "बच्चनला बी?" आणि घराजवळच्या मेडिकलसमोर रिक्षा थांबवून चार नेलकटर घेतले, चाळीस रुपयाला एक. प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. त्या रात्री माझं ताट परत बाकीच्या ताटांत होतं. त्याबद्दल आम्ही दोघी कधीही बोललो नाही.

पुढच्या आठवड्यात सासू-सासऱ्यांच्याही तपासण्या झाल्या. दोघेही निगेटिव्ह. दोघांची लस सुरू केली.

आता पैशांचं. त्याच डॉक्टरांनी सांगितलं की केंद्राचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून चालू आहे आणि त्यात सरकारी रुग्णालयात तपासण्या व गोळ्या मोफत मिळतात. हे पहिल्याच दिवशी कळलं असतं तर माझे ४,८०० रुपये वाचले असते. ६ नोव्हेंबरला मी सरकारी रुग्णालयात गेले. सोबत आधार कार्ड, त्याच्या दोन झेरॉक्स, सगळे रिपोर्ट आणि गरोदरपणाचं कार्ड न्या. आधी खिडकीवर केसपेपर, मग मेडिसिनची ओपीडी, मग हिपॅटायटिसची खोली. पहिल्या दिवशी साडेआठला पोचले आणि पावणेदोनला बाहेर पडले. नाव नोंदवलं, वेगळं कार्ड मिळालं. पुढच्या फेऱ्यांना इतका वेळ लागला नाही, कारण तिथल्या समुपदेशक ताईंनी सांगितलं की सोमवार टाळा, आणि रिपोर्टची फाईल तारखेप्रमाणे लावून आणा. पाण्याची बाटली आणि खायला काहीतरी जवळ ठेवा, गरोदर बाईने तर ठेवाच.

त्या ताईंनीच मला विचारलं, "तुमच्या आईची तपासणी झालीये का?"

मी फलटण तालुक्यातली. १५ नोव्हेंबरला भाऊबीज होती. ओवाळून झालं, भावाने ताटात साडी ठेवली, आणि मी त्याला आणि आईला म्हटलं की मला आणखी एक ओवाळणी पाहिजे, उद्या दोघांनी माझ्याबरोबर लॅबमध्ये यायचं. भाऊ हसला. आई हसली नाही, कारण तिला फोनवर थोडं सांगितलं होतं. १६ तारखेला फलटणला जाऊन दोघांचं रक्त दिलं. दोघेही पॉझिटिव्ह.

आई घरी आल्यावर पडवीत बसून राहिली. "म्हणजे माझ्यामुळंच." ती एवढंच म्हणत होती, पुन्हा पुन्हा. मी तिला जे सांगितलं ते इथेही लिहिते, कारण कितीतरी आया हेच म्हणत असतील. मी १९९३ ची. तेव्हा गरोदर बाईची ही तपासणी गावात कुणी करत नव्हतं. भारतात बनलेली स्वस्त लस आली १९९७ मध्ये, हैदराबादच्या कंपनीने काढलेली, आणि सरकारी लसीकरणात ती देशभर पोचायला २०११ उजाडलं. आईला स्वतःला कुठून आला ते आता कुणीच सांगू शकत नाही. तिच्या आईकडून असेल, जत्रेत एकाच सुईने गोंदवून घेतलं तेव्हा असेल, नाहीतर उकळत्या पाण्यातून काढून सगळ्यांना टोचायच्या त्या काचेच्या सिरिंजमधून असेल. तिच्या हातावर अजून ते हिरवं गोंदण आहे, तुळस आणि तिच्या भावाचं नाव.

हा विषाणू बाळाला जन्मताना मिळाला तर दहातल्या नऊ मुलांमध्ये तो आयुष्यभर मुक्काम करतो. मोठ्या माणसाला मिळाला तर शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त लोकांचं शरीर त्याला आपोआप घालवतं. म्हणून माझ्या अंगात कोट्यवधी विषाणू असूनही मला काही होत नव्हतं. माझं शरीर त्याला लहानपणापासून ओळखत होतं, भांडतच नव्हतं.

त्या दिवशी रात्री नवऱ्याला फोन केला. "मला आईकडून आलाय," म्हटलं. तो म्हणाला, "मला माफ कर." मीही तेच म्हणाले.

भावाचं एसजीपीटी वाढलेलं निघालं, १३८. त्याचं औषध लगेच सुरू झालं. तो गावात सलूनमध्ये दाढी करायचा. आता स्वतःचं रेझर वापरतो, आणि केस कापायला गेला तर उस्तऱ्यात नवं ब्लेड घातल्याचं डोळ्यांनी बघितल्याशिवाय मान पुढे करत नाही. त्याने सलूनवाल्यालाही लस घ्यायला लावली. लोकांच्या गालावर दिवसभर ब्लेड फिरवणाऱ्या माणसाला ही लस कुणी आजवर सुचवली नव्हती.

बाळंतपणासाठी दवाखाना शोधण्यात डिसेंबर आणि जानेवारी गेला. एका मोठ्या खासगी हॉस्पिटलने नेहमीच्या पॅकेजवर १५,००० रुपये जास्त सांगितले, 'इन्फेक्शन चार्ज' म्हणून, आणि वर सिझेरियनच करू असंही सुचवलं. माझे पोटविकारतज्ज्ञ म्हणाले की केवळ हिपॅटायटिस बीसाठी सिझेरियनची गरज नसते. शेवटी आळंदी रस्त्यावरच्या एका छोट्या प्रसूतिगृहाच्या डॉक्टरांनी फाईल बघून म्हटलं, "बाईंना माहीत आहे आणि त्यांनी आम्हाला सांगितलंय, हीच मोठी गोष्ट. हातमोजे आणि काळजी आम्ही प्रत्येकच पेशंटला घेतो." तिथेच नाव घातलं. लपवू नका, एवढंच मी म्हणेन. दातांच्या डॉक्टरांनाही मी आधी सांगितलं, त्यांनी शांतपणे दिवसाची शेवटची वेळ दिली आणि माझ्या हिरड्यांचं काम नीट केलं.

१३ फेब्रुवारी २०२४ ला अठ्ठाविसावा आठवडा लागला आणि टेनोफोविरची गोळी सुरू झाली, ३०० मिलिग्रॅम, रोज एक. व्हायरल लोड दोन लाखांच्या वर असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत ही देतात, म्हणजे बाळंतपणापर्यंत आकडा खाली येतो. सरकारी रुग्णालयातून एका वेळी तीस गोळ्या मिळायच्या. रात्रीच्या जेवणानंतर घ्यायची. पहिला आठवडा मळमळलं, मग सवय झाली. सासूबाई रोज नऊ वाजता विचारायच्या, "गोळी?"

१८ फेब्रुवारीला रविवारी डोहाळजेवण झालं. कासारीण बांगड्या भरायला घरी आली. चुडा भरताना एक बांगडी फुटली आणि माझ्या मनगटाला लागलं, अगदी बारीक, मुंगीएवढं रक्त. ती सवयीने पदराने पुसायला गेली. मी हात मागे घेतला. क्षणभर सगळ्या बायका बघत राहिल्या. सासूबाईंनी कापूस आणून माझा मला पुसायला दिला, पट्टी दिली, कापूस पिशवीत बांधून टाकला आणि कासारणीला म्हणाल्या, "दिवसभर काच आणि हात, तुम्हाला किती वेळा लागत असंल. एक लस असते, घ्या." सगळ्यांसमोर हे बोलल्या. मला रडू आलं ते बायकांना वाटलं माहेरची आठवण आली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पॉझिटिव्ह आईच्या बाळाला जन्मल्यावर दोन इंजेक्शनं लागतात. एक लसीचा पहिला डोस, तो चोवीस तासांच्या आत, आणि दुसरं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं. ही दोन्ही शक्य तितक्या लवकर, बारा तासांच्या आत मिळालेली बरी, आणि दोन वेगवेगळ्या मांड्यांत. लस कुठेही मिळते. इम्युनोग्लोब्युलिन नाही मिळत. सरकारी दवाखान्यात बाळंत होणार असाल तर छत्तिसाव्या आठवड्यातच साठा आहे का ते विचारून ठेवा. आमच्या प्रसूतिगृहात ते नव्हतं, त्यामुळे आम्हीच आणायचं ठरलं. नवऱ्याने पाच मेडिकल पालथे घातले, सहाव्याने मागवून दिलं. १२ एप्रिलला मिळालं, १०० युनिटची कुपी, ५,४०० रुपये, बर्फाच्या पिशवीत.

ती दोन ते आठ अंशांतच ठेवायची. फ्रीझरमध्ये नाही, दारातही नाही. मधल्या कप्प्यात, एका स्टीलच्या डब्यात, सायीच्या भांड्याशेजारी. एप्रिलमध्ये आमच्याकडे दुपारी वीज जायची. सासूबाई फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसायच्या आणि कुणाला दार उघडू द्यायच्या नाहीत. सासऱ्यांना वीज येईपर्यंत ताक मिळायचं नाही. "बर्फ लावू का गं?" त्या मला विचारायच्या, आणि मी म्हणायचे, "नको आई, गोठलं तर वाया जाईल." वीस दिवस त्यांनी त्या डब्याची राखण केली.

१६ एप्रिलला व्हायरल लोडचा रिपोर्ट आला. चार कोटी सत्तर लाखांवरून ३,१००. मी तो आकडा नवऱ्याकडून दोनदा वाचून घेतला.

२ मे २०२४, रात्री नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मुलगी झाली, नॉर्मल. डबा नवऱ्याच्या हातात होता. सिस्टरनी आधी बाळाच्या अंगावरचं रक्त स्वच्छ पुसून काढलं, मग टोचलं. साडेदहाच्या आत दोन्ही इंजेक्शनं झाली. वेळ त्यांनी बाळाच्या कागदावर लिहिली, आणि मी ती लिहिली का ते बघितलं.

एका गोष्टीत मी चुकले. दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी सांगितलं की अशा आईने अंगावर पाजायचं नसतं. मी इतकं सगळं वाचलेली, तरी घाबरले आणि रात्रभर वरचं दूध दिलं. माझी छाती दगड झाली होती. सकाळी बालरोगतज्ज्ञ आले, त्यांनी विचारलं, "इंजेक्शनं दिलीत ना? मग आत्ता पाजा." स्तनपानातून हा आजार जात नाही. स्तनाग्रांना चिरा पडणार नाहीत याची काळजी घ्या आणि पडल्या तर डॉक्टरांना दाखवा, एवढंच ते म्हणाले. ती पहिल्यांदा प्यायली तेव्हा खोलीत नवरा होता, आणि त्याने खिडकीकडे तोंड केलं.

बाराव्या दिवशी बारसं आणि कान टोचायचे, अशी आमच्याकडे पद्धत. सोनार येतो आणि गल्लीतल्या दोन-तीन बाळांचे एकदमच टोचतो. मी नाही म्हटलं. चुलत सासूबाई नाराज झाल्या, अजूनही थोड्या आहेत. तिचे कान आम्ही लसीचे डोस झाल्यावर बालरोगतज्ज्ञांकडे नव्या सुईने टोचून घेतले. सोन्याच्या तारेने टोचलं तरी ती तार आधी कुणाच्या कानातून गेलीये, हा प्रश्न विचारायलाच हवा.

पुढचे डोस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, पेंटाव्हॅलंट म्हणजे पाच आजारांच्या एकत्र लसीमधून, सरकारी दवाखान्यात मोफत. जूनमध्ये नवऱ्याच्या प्रतिपिंडांची तपासणी झाली. दहाच्या वर हवी असतात, त्याची २८६ निघाली. त्या दिवसापासून आमची एकमेकांची भीती गेली. माझी गोळी बाळंतपणानंतर डॉक्टरांच्या सांगण्यावरून बंद झाली. ती मनाने बंद करायची नसते, कारण थांबवल्यावर यकृताला सूज येऊ शकते. मला तीन महिन्यांनी, आणि नंतर दर सहा महिन्यांनी, रक्त आणि सोनोग्राफी करायला सांगितलंय. ते मी आता वीजबिलासारखं करते.

मग उरली फक्त वाट. बाळाची तपासणी नऊ महिन्यांच्या आत करून उपयोग नसतो, दिलेल्या प्रतिपिंडांमुळे निकाल फसवा येऊ शकतो. ते दहा महिने मी कसे काढले ते सांगता येणार नाही. तिला साधा ताप आला, शू पिवळी वाटली, की मी उजेडात नेऊन तिचे डोळे बघायचे.

८ मार्च २०२५ ला तिचं रक्त दिलं, ११ ला रिपोर्ट आला. एचबीएसएजी नॉन-रिअॅक्टिव्ह. प्रतिपिंडं ४१२. सासूबाईंना आकड्यातलं काही कळत नव्हतं, त्यांनी फक्त माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि देवासमोर साखर ठेवली. फ्रिजच्या बाजूला आता पाच खिळे आहेत. पाचव्यावर लहान नेलकटर आहे, पिवळ्या दोऱ्याचं. दर रविवारी सासूबाईच तिची नखं काढतात.

माझ्या दोन्ही मावश्यांनी अजून तपासलेलं नाही. आईच्या पाठच्या, एकाच घरात वाढलेल्या, एकाच जत्रेत गोंदलेल्या. थोरली म्हणते, या वयात काय करायचंय. तिच्या तीन मुली आहेत, धाकटीला चौथा महिना लागलाय. येत्या रविवारी मी फलटणला जातेय. लॅबच्या मुलाला सकाळी आठला मावशीच्या घरीच बोलावलंय, आणि सासूबाई म्हणाल्यात, मी पण येते, तिच्याशी मी बोलते.